मॉन्झॉन की हॅगलर? वेगवेगळ्या काळातल्या चॅम्पियन बॉक्सरांची तुलना करायची तर अशी करा

बॉक्सिंग बघणारी चार माणसं एकत्र बसली की अर्ध्या तासात गाडी एकाच जागी येते, "हा त्या काळात असता तर टिकला असता का?" मग ज्याचा आवाज मोठा त्याचा बॉक्सर जिंकतो. गावसकर की कोहली हा वाद आपण जसा घालतो तसंच हे, फक्त एक फरक आहे. तिथे दोघांनी आपापल्या काळातल्या बोलर्सना तोंड दिलं आणि आपण आकडे शेजारी ठेवतो, पण बॉक्सिंगमध्ये आपण त्या दोघांना डोक्यात चक्क एकमेकांसमोर उभं करतो, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर भागत नाही.

आता ही तुलना जरा शिस्तीत कशी करायची ते सांगतो. उदाहरणासाठी मिडलवेट घेतोय, १६० पाउंड म्हणजे साधारण साडेबहात्तर किलोचा गट, कारण या गटात शंभर वर्षं एकाहून एक माणसं होऊन गेलीत आणि बहुतेकांचं फुटेज घरबसल्या बघता येतं. शुगर रे रॉबिन्सन, कार्लोस मॉन्झॉन, मार्विन हॅगलर, बर्नार्ड हॉपकिन्स, गेनाडी गोलोव्किन ही नावं सारखी येतील. शेवटी मॉन्झॉन विरुद्ध हॅगलर ही एक लढत आपण पूर्ण सोडवून बघू. (आपला विजेंदर सिंग २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ जिंकला तो पण मिडलवेट, पण ते अमॅच्युअर, तिथली मर्यादा ७५ किलो आणि राउंड मोजके, ते या हिशोबात धरू नका, तो खेळच वेगळा.)

आधी ठरवा, नेमकं काय विचारताय

"कोण मोठा?" आणि "समोरासमोर आले तर कोण जिंकेल?" हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत आणि नव्वद टक्के भांडणं एक माणूस पहिल्याचं उत्तर देतोय आणि दुसरा दुसऱ्याचं म्हणून होतात.

हॅरी ग्रेबचं बघा. १९२३ ते १९२६ मिडलवेट चॅम्पियन, जवळपास तीनशे लढती, आणि पुढे हेवीवेट चॅम्पियन झालेल्या जीन टनीला १९२२ मध्ये याने हरवलेलं. मोठा माणूस आहे का, तर हो, शंकाच नाही. पण त्याच्या एकाही लढतीचं चित्रीकरण आज उपलब्ध नाही, आहे ते थोडंसं सरावाचं. मग "ग्रेब विरुद्ध गोलोव्किन कोण जिंकेल" यावर कोणी छातीठोक सांगायला लागला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. ग्रेबला मोठेपणाच्या यादीत ठेवता येतं, समोरासमोरच्या यादीत नाही.

तसंच रॉबिन्सनचं, पण जरा निराळ्या अंगाने. त्याने मिडलवेट टायटल पाच वेळा जिंकलं. पाच वेळा जिंकलं याचा अर्थ मधे मधे गमावलं पण. हॉपकिन्सने १९९५ मध्ये एक बेल्ट घेतला आणि २००५ पर्यंत सोडलाच नाही, २० वेळा राखला. आता कोण मोठा? जो दहा वर्षं हललाच नाही तो, की जो पडून पुन्हा पुन्हा वर आला तो? दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण कशाला जास्त किंमत द्यायची हे आधी ठरवून बोला, मधेच बदलू नका. या लेखात मी मुख्यतः दुसरा प्रश्न घेतोय, समोरासमोरचा, कारण तिथेच जास्त गोंधळ होतो.

माणूस नको, एक रात्र निवडा

"हॅगलर" असं नुसतं म्हणू नका, कुठला हॅगलर? नोव्हेंबर १९७९ मध्ये अँटुओफेर्मोसमोर बरोबरीत अडकला तो, सप्टेंबर १९८० मध्ये वेम्ब्लीत तीन राउंडमध्ये अॅलन मिंटरला फाडून टायटल घेतलं आणि वरून लोकांनी रिंगमध्ये बाटल्या फेकल्या तो, १९८५ चा हर्न्सवाला, की १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डसमोर पाय जड झालेला? चौघं एकच माणूस नाहीत.

माझी पद्धत अशी की वर्ष निवडायचं नाही, एक ठराविक लढत निवडायची आणि म्हणायचं की त्या रात्री रिंगमध्ये आला होता तोच माणूस घेतोय. दोघांसाठी तीच पट्टी. एकाची आयुष्यातली सगळ्यात भारी रात्र आणि दुसऱ्याची उतरत्या काळातली, असं करणारे लोक खूप असतात आणि त्यांना ते कळत पण नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्ट.

नियम, नियम, नियम

इथे जरा थांबा, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. लोक दोन बॉक्सर निवडतात आणि लगेच "याचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच), त्याची चिन (मार सोसायची ताकद)" सुरू करतात, लढत कोणत्या नियमांनी होणार हे कोणी विचारतच नाही. आणि नियम ठरले की अर्धी लढत तिथेच एका बाजूला झुकते.

सगळ्यात मोठी गोष्ट राउंडची. आधी टायटलची लढत १५ राउंडची असायची. नोव्हेंबर १९८२ मध्ये लाइटवेट (१३५ पाउंड) गटात रे मॅन्सिनीशी १४ व्या राउंडपर्यंत लढलेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांत गेला, त्यानंतर डब्ल्यूबीसीने (टायटलचे बेल्ट देणारी एक संघटना) १९८३ पासून १२ राउंड केले आणि डब्ल्यूबीए, आयबीएफ या बाकीच्या संघटना १९८७-८८ पर्यंत त्याच वाटेने आल्या. तीन राउंड म्हणजे फक्त नऊ मिनिटं, त्यात काय एवढं असं वाटतं, पण ही नऊ मिनिटं किती महाग असतात ते बघा. रॉबिन्सनने फेब्रुवारी १९५१ मध्ये शिकागोत ला मोटाला थांबवलं ते १३ व्या राउंडमध्ये. मॉन्झॉनने सप्टेंबर १९७१ मध्ये ब्युनोस आयर्सला एमिल ग्रिफिथला थांबवलं ते १४ व्यात. आजच्या नियमांत या दोन्ही लढती जजच्या कार्डांवर, म्हणजे तीन जजनी राउंडमागे दिलेल्या गुणांवर गेल्या असत्या.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण हॅगलर विरुद्ध रोबर्टो ड्युरान, १० नोव्हेंबर १९८३, १५ राउंड. शेवटचा निकाल हॅगलरच्या बाजूने, तिन्ही कार्डं त्याची, १४४-१४२, १४४-१४३, १४६-१४५. ऐकायला एकमताचा निर्णय, पण १३ राउंड झाले तेव्हा दोन जजकडे ड्युरान एका गुणाने पुढे आणि तिसऱ्याकडे बरोबरी होती. हॅगलरने शेवटचे दोन राउंड मारून नेले आणि टायटल वाचवलं. मूळ लाइटवेटमधून वर आलेल्या माणसाने मिडलवेटच्या राजाला असं टांगणीला लावलं होतं. हीच लढत १२ राउंडची असती तर आज आपण हॅगलरबद्दल याच सुरात बोललो असतो का?

म्हणून तुलना करताना प्रत्येक बॉक्सरच्या गेल्या लढती घ्या आणि बघा, त्याने मोठ्या लढती कोणत्या राउंडमध्ये जिंकल्या, तो उशिरा तापतो का लवकर. उशिरा तापणाऱ्याला १२ राउंडच्या काळात टाकलं की त्याचं हत्यारच काढून घेतल्यासारखं आहे.

दुसरं वजन. पूर्वी वजन लढतीच्या दिवशी सकाळी व्हायचं, त्यामुळे १६० पाउंडचा माणूस रात्री रिंगमध्ये पण जवळपास तेवढाच असायचा. आता वजन आदल्या दिवशी होतं आणि मधल्या वेळात पाणी-जेवण करून लोक दहा-पंधरा पाउंड चढवून येतात. आयबीएफने यावर उपाय म्हणून लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन ठेवलं, दहा पाउंडपेक्षा जास्त चढायचं नाही. मार्च २०१७ मध्ये गोलोव्किन विरुद्ध डॅनी जेकब्स होती न्यूयॉर्कला, त्यात जेकब्स त्या सकाळच्या वजनाला गेलाच नाही! म्हणजे जिंकला असता तरी आयबीएफचा बेल्ट त्याला मिळणार नव्हता, तरी त्याने तो सौदा केला. त्याच्या अंगावर रात्री किती वजन होतं हे आपणच ओळखायचं. गोलोव्किनने त्याला चौथ्या राउंडमध्ये पाडलं पण संपवू शकला नाही, लढत पूर्ण १२ राउंड गेली, गोलोव्किन थोडक्यात जिंकला आणि त्याची सलग २३ नॉकआउटची मालिका तिथे तुटली.

मग हिशोब काय? आजचा मिडलवेट जुन्या नियमांत आणला तर त्याला सकाळचं वजन करायला लावा. त्यातले बरेच जण १६० ला येणारच नाहीत, आले तर रिकामे होऊन येतील. उलट रॉबिन्सनला आज आणलं तर तो कदाचित मिडलवेट नसताच, १५४ किंवा थेट वेल्टरला, म्हणजे १४७ ला उतरला असता. लोक "आजचे खेळाडू मोठे आणि ताकदवान" म्हणतात त्यातला बराचसा भाग या वजनाच्या वेळेचा आहे, जिमचा नाही.

गटांची संख्या पण बघा. रॉबिन्सनच्या काळात १४७ नंतर थेट १६० आणि मग थेट १७५. १५४ चा गट १९६२ ला आला, १६८ चा १९८४ ला. म्हणजे पूर्वी दीडशेच्या आसपासचा आणि पावणेदोनशेला न पोचणारा असा प्रत्येक तगडा माणूस याच एका गटात गर्दी करायचा. आज ती गर्दी तीन गटांत वाटली गेली, आणि प्रत्येक गटात चार-चार बेल्ट. त्यामुळे "इतक्या वेळा टायटल राखलं" हे आकडे शेजारी ठेवताना जपून. मॉन्झॉनचे १४ बचाव, हॅगलरचे १२, हॉपकिन्सचे २० आणि गोलोव्किनचे पण २० मोजतात, पण गोलोव्किनच्या मोजणीची सुरुवात डब्ल्यूबीएच्या अशा बेल्टपासून होते की तेव्हा त्याच संघटनेचा वरचा "सुपर" चॅम्पियन फेलिक्स श्टुर्म वेगळा बसलेला होता. हॉपकिन्सच्या हातात पण सुरुवातीची सहा वर्षं एकच बेल्ट होता. हे दोघांना कमी लेखण्यासाठी नाही सांगत, दोघंही जबरदस्त, फक्त १४ आणि २० ही एकाच तराजूतली वजनं नाहीत.

ग्लोव्हज आणि रिंग लोक विसरतात. आज १४७ च्या वर १० औंसाचे ग्लोव्हज, पूर्वी याहून हलके पण चालायचे. हे किती मोठं असतं हे लेनर्डला बरोबर माहीत होतं. एप्रिल १९८७ च्या लढतीआधी त्याने हॅगलरकडून जास्त पैशांच्या बदल्यात तीन गोष्टी मागून घेतल्या, १२ राउंड, १० औंसाचे ग्लोव्हज, आणि २० फुटी मोठी रिंग. पळायला जागा, मार लागला तर गादी जाड, आणि नऊ मिनिटं कमी. मग काय, स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मतावर जिंकला. अजून वाद चालू आहे कोण जिंकलं त्यावर, पण मला विचाराल तर ती लढत टेबलावर अर्धी जिंकून झाली होती.

आणि जज! त्या लढतीत एका जजने लेनर्डला ११८-११० दिलं होतं. तीस वर्षांनी, सप्टेंबर २०१७, लास व्हेगासच, गोलोव्किन विरुद्ध कानेलो, पुन्हा एका जजचं ११८-११०, या वेळी कानेलोला, आणि लढत ड्रॉ. मजा म्हणजे डेव्ह मोरेटी दोन्ही लढतींत जज होता आणि दोन्ही वेळा त्याचं कार्ड ११५-११३, एकदा लेनर्डला, एकदा गोलोव्किनला. म्हणून तुमच्या काल्पनिक लढतीत "निर्णयाने जिंकेल" असं लिहायचं असेल तर लढत कुठे होतेय हे पण लिहा.

रेकॉर्ड वाचायचं कसं

बॉक्सरेक या रेकॉर्डच्या वेबसाइटवर जाऊन कोणीही आकडे काढतो. हॅगलर ६२ विजय, ३ हार, २ बरोबरी, ५२ नॉकआउट. मॉन्झॉन ८७ विजय, ३ हार, ९ बरोबरी, ५९ नॉकआउट. यावरून हॅगलरचा पंच जास्त जड असं म्हणायचा मोह होतो. तसं करू नका. कारकिर्दीच्या सुरुवातीचे तीस-चाळीस प्रतिस्पर्धी कोणालाही आठवत नाहीत, त्यांना पाडून टक्केवारी फुगते.

फक्त टायटलच्या लढती वेगळ्या काढा. हॅगलरच्या १२ बचावांत ११ जण पूर्ण वेळ टिकले नाहीत, फक्त ड्युरान टिकला. मॉन्झॉनच्या १४ मध्ये ९ थांबले, ५ पूर्ण १५ राउंड गेले. फरक आहेच, पण आता तो खऱ्या पातळीवरचा फरक आहे.

मग त्या यादीतून खालच्या गटातून वर आलेली मोठी नावं बाजूला काढा. हे फार महत्त्वाचं कारण मिडलवेट चॅम्पियनची सगळ्यात गाजलेली लढत जवळपास नेहमीच खालून आलेल्या सुपरस्टारशी असते, तिकीटं त्याच्याच नावावर खपतात. मॉन्झॉनकडे ग्रिफिथ आणि वेल्टरचा राजा होजे नापोलेस, हॅगलरकडे ड्युरान, हर्न्स आणि लेनर्ड, हॉपकिन्सकडे त्रिनिदाद आणि डे ला होया, गोलोव्किनकडे केल ब्रूक. नापोलेस १९७४ ला पॅरिसमध्ये मॉन्झॉनसमोर उभा राहिला तेव्हा दोघं वेगळ्या गटाचे आहेत हे फोटोत पण दिसतं. या विजयांना किंमत आहे, पण त्यातून "हा दुसऱ्या मिडलवेटला काय करेल" हे कळत नाही. त्यासाठी गटातली अस्सल माणसं बघा. मॉन्झॉनसाठी बेनवेनुती, ब्रिस्को, वाल्देझ. हॅगलरसाठी मिंटर, हम्शो, सिब्सन. हॉपकिन्ससाठी ग्लेन जॉन्सन, कीथ होम्स, जॉपी. गोलोव्किनसाठी जेकब्स, लेम्यू, मरे. इथे मला मॉन्झॉनची यादी जरा जड वाटते, हॅगलरच्या चाहत्यांना राग येईल पण असो.

हारलेल्या लढती नुसत्या मोजू नका, कधी आणि कशा ते बघा. मॉन्झॉन १९६४ नंतर एकदाही हरला नाही, १९७७ ला निवृत्त झाला तेव्हा टायटल त्याच्याकडेच होतं. हॅगलर १९७६ मध्ये फिलाडेल्फियात बॉबी वॉट्स आणि विली मन्रोकडून हरला, तिथल्या पोरांशी त्यांच्याच गावात जाऊन, आणि नंतर दोघांचा हिशोब चुकता केला. अशी हार मला तरी वजाबाकीत धरवत नाही.

पंचांची मोजणी वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, कॉम्प्युबॉक्स १९८५ पासूनचं आहे, आणि ते म्हणजे रिंगपाशी बसलेली माणसं बटणं दाबतात. त्याआधीच्या लढतींचे आकडे कोणीतरी नंतर व्हिडिओ बघून काढलेले असतात. नव्या-जुन्या बॉक्सरची तुलना त्यावर उभी करू नका.

व्हिडिओ बघताना

हायलाइट्स बघून मत बनवायचं नाही, हा एकच नियम पाळलात तरी निम्मं काम झालं. हायलाइटमध्ये प्रत्येक जण अजिंक्य दिसतो.

प्रत्येक बॉक्सरच्या तीन लढती पूर्ण बघा आणि क्रम असा ठेवा: आधी जिथे तो अडकला ती, मग जिथे काठावर जिंकला ती, आणि शेवटी जिथे समोरच्याचा चुराडा केला ती. उलट्या क्रमाने बघितलं की चुराडा डोळ्यात बसतो आणि मग बाकीच्या लढतींत आपण त्याला सवलत देत राहतो. आवाज बंद. कॉमेंटेटर कोणाच्या बाजूने आहे हे दहा मिनिटांत आपल्या डोक्यात शिरतं आणि मग आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो.

वही घ्या, प्रत्येक राउंडला एक ओळ. मी चार गोष्टी लिहितो. पहिली, पाय आधी कोण हलवतोय, म्हणजे कोण कोणाला नाचवतोय. दुसरी, जॅब लागल्यावर समोरचा काय करतो, थांबतो की त्याच्यावरून आत येतो. तिसरी, कमरेखालची नाही हं, बरगड्यांवरची मारामारी कोण करतंय, कारण ती दहाव्या राउंडनंतर दिसते. हॉपकिन्सने सप्टेंबर २००४ मध्ये डे ला होयाला नवव्या राउंडमध्ये लिव्हरवर एक डावा ठेवून दिला आणि तो उठलाच नाही. चौथी, दुखल्यावर माणूस काय करतो. ही सगळ्यात कामाची.

चौथीसाठी मॉन्झॉनची १९७२ ची बेनी ब्रिस्कोबरोबरची लढत काढा, नववा राउंड. ब्रिस्कोचा एक बसतो आणि मॉन्झॉन खरंच हलतो, एरवी दगडासारखा उभा असणारा माणूस, त्याचे पाय क्षणभर त्याचे राहत नाहीत. तेव्हा तो मारामारी करत नाही, धरतो, लांब हातांनी समोरच्याची मान आणि खांदे बांधून ठेवतो, डोकं सावरतो, आणि पुढच्या राउंडमध्ये पुन्हा तोच थंड जॅब. जुलै १९७७ ला त्याच्या शेवटच्या लढतीत वाल्देझने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये खाली बसवला होता, उठला, आणि १५ राउंड खेळून निर्णयाने जिंकला. हॅगलरचं याच्या बरोबर उलट. १९८५ ला हर्न्सचा उजवा पहिल्या राउंडमध्येच त्याच्यावर बसला, कपाळ फुटलं, तिसऱ्यात रेफ्रीने डॉक्टरला दाखवायला नेलं, आणि लढत आता थांबवतील हे कळल्यावर हा माणूस मागे नाही सरकला, धावत गेला आणि हर्न्सला संपवला. एक दुखलं की धरतो, एक दुखलं की पेटतो. हे समोरासमोरच्या लढतीत फार उपयोगी पडतं, आणि ते कुठल्याच आकड्यात सापडत नाही.

सामाईक प्रतिस्पर्धी

दोघांशी लढलेला माणूस सापडला की लोकांना लॉटरी लागल्यासारखं होतं. मॉन्झॉन आणि हॅगलरच्या बाबतीत असा माणूस आहे, तोच बेनी ब्रिस्को. मॉन्झॉनशी १९६७ ला बरोबरी, १९७२ ला मॉन्झॉन १५ राउंडांत गुणांवर जिंकला. हॅगलरने १९७८ ला फिलाडेल्फियात, ब्रिस्कोच्याच घरी, १० राउंडांत हरवलं. म्हणून काय, हॅगलर भारी? थांबा. ब्रिस्को १९४३ चा. मॉन्झॉनला १९७२ मध्ये भेटला तेव्हा २९ चा, ऐन भरात. हॅगलरला भेटला तेव्हा ३५ चा, अंगावर किती लढतींचा मार साठलेला. नाव एकच, माणूस तोच नाही. शिवाय हॅगलर तेव्हा चॅम्पियन नव्हता, चोविशीतला वर चढणारा पोरगा होता, म्हणजे तिकडून पण सूट द्यायला लागते.

त्यामुळे सामाईक प्रतिस्पर्ध्याकडून निकाल घेऊ नका, पद्धत घ्या. दोघांनी ब्रिस्कोला कसं हाताळलं? मॉन्झॉनने लांबून, जॅबने आणि सरळ उजव्याने, जवळ आला की बांधून. हॅगलरने, ज्याला लोक फक्त चालून जाणारा समजतात, त्याने पाय वापरून, अंतर ठेवून, शांतपणे बॉक्सिंग केलं. हॅगलरकडे हा गिअर होता हे विसरलं जातं.

आता लावू दोघांना समोरासमोर

रात्री निवडतो. मॉन्झॉन १९७२ चा, ब्रिस्कोवाला. हॅगलर १९८३ चा, ड्युरानवाला, मुद्दाम हर्न्सवाला घेत नाही कारण त्या तीन राउंडांतून पंधरा राउंडांचं काही कळत नाही. नियम १९७० चे, १५ राउंड, वजन त्याच दिवशी सकाळी, लढत दोघांपैकी कोणाच्याच देशात नाही, समजा मोंटे कार्लो. हे लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शरीर बघू. मॉन्झॉन ५ फूट साडेअकरा, हॅगलर ५ फूट साडेनऊ. दोन इंच. पण रीच, म्हणजे हात पसरल्यावरची लांबी, मॉन्झॉनची ७६ इंच आणि हॅगलरची ७५, म्हणजे एकच इंच फरक, त्यामुळे "मॉन्झॉन लांबून खेळवेल" हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. हॅगलर साउथपॉ, म्हणजे डावखुऱ्यासारखा उजवा हात पुढे ठेवून उभा राहणारा, त्याचा जॅब उजव्या हाताचा, मॉन्झॉनचा डाव्याचा, दोघांचे पुढचे हात एकमेकांत अडकणार. मॉन्झॉनचा सगळा खेळ त्या डाव्या हाताने अंतर मोजण्यावर उभा आहे, त्या हाताला कोणी सतत धक्के देतंय हे त्याला आवडणार नाही. पण साउथपॉसमोर सगळ्यात कामाचा पंच कुठला? सरळ उजवा. आणि मॉन्झॉनचा सरळ उजवा म्हणजे काय ते बेनवेनुतीला विचारा, रोम, नोव्हेंबर १९७०, बारावा राउंड.

सुरुवात हॅगलरची. मॉन्झॉन पहिले काही राउंड पाणी जोखत बसतो, घाई नाही, आणि मागे झुकून पंच नाकासमोरून जाऊ देतो. वर डोकं मिळालं नाही तर हॅगलर बरगड्यांवर जाईल, मागे झुकणाऱ्याचं धड समोरच राहतं. पहिल्या पाचात मी हॅगलरला तीन देतो, कदाचित चार.

मग मधला भाग, आणि इथे मला ड्युरान आठवतो. जो माणूस धीराने वाट बघतो, हॅगलरलाच आधी पंच टाकायला लावतो आणि मग मारतो, त्याच्यासमोर हॅगलर सावध होतो, हात आखडता घेतो, स्टान्स (उभं राहायची बाजू) बदलत राहतो. ड्युरानने केलं, लेनर्डने केलं, आणि लेनर्डसमोर तर सुरुवातीचे राउंड त्याने उगाच उजव्या बाजूने उभं राहून घालवले. मॉन्झॉन हे दोघांपेक्षा मोठ्या शरीराने करणार. सहा ते अकरामधले चार मॉन्झॉनचे, दोन हॅगलरचे. हॅगलर पडणार नाही, त्याची चिन या गटातल्या सगळ्यात भारी चिनपैकी, त्याचं एकच नॉकडाउन नोंदलं गेलंय, १९८४ ला रोल्दानसमोर, आणि त्यावरही लोक धक्का होता म्हणतात.

शेवटचे चार राउंड काट्याचे. दोघांनाही इथे राहायची सवय, पण मॉन्झॉनने टायटल राखताना पाच वेळा पूर्ण १५ खेळून पाचही जिंकलेत, हॅगलरचं १५ चं खातं म्हणजे अँटुओफेर्मोशी बरोबरी आणि ड्युरानशी काठावरचा विजय. मी मॉन्झॉनला देतो, आठ राउंड विरुद्ध सात, फुटलेल्या निर्णयाने.

आता तेच दोघं, त्याच रात्री, पण नियम फक्त बदला, १२ राउंड. माझ्या वहीत बारा राउंडनंतर हॅगलर सात-पाच असा पुढे असतो किंवा बरोबरीत, कारण मॉन्झॉनची कमाई शेवटच्या तीनातली. त्यात वजन आदल्या दिवशी धरलं तर मॉन्झॉनला फायदा, त्याचा सांगाडा मोठा, जास्त चढवून येईल. लहान रिंग दिली तर पुन्हा हॅगलर. म्हणून कोणी "मॉन्झॉन की हॅगलर" विचारलं की मी आधी "किती राउंड?" विचारतो, लोक वैतागतात.

तुमचं उत्तर तयार झालं की ते उलटं करून बघा, म्हणजे हरणाऱ्याच्या बाजूने वकिली करा, अगदी मनापासून. वरच्या निकालाविरुद्ध मीच बोलतो: हॅगलर मॉन्झॉनच्या कुठल्याही प्रतिस्पर्ध्यापेक्षा पूर्ण बॉक्सर आहे, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी उभा राहून, आत आणि लांबून. १९७८ चा ब्रिस्कोवाला शांत हॅगलर आला आणि त्याने पुढे जायलाच नकार दिला तर मॉन्झॉनला पाठलाग करावा लागेल, आणि तो काही त्याचा धंदा नाही. या मुद्द्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाहीये, म्हणूनच आठ-सात लिहिलंय, दहा-पाच नाही. तुमच्या उलट्या वकिलीत एकही टोचणारा मुद्दा निघाला नाही तर तुम्ही पुरेशा लढती बघितलेल्या नाहीत, परत जाऊन हरलेल्या बॉक्सरची सगळ्यात चांगली रात्र काढा, आवाज बंद, वही समोर.

याच पद्धतीने पुढची जोडी घ्यायची तर हॉपकिन्स विरुद्ध गोलोव्किन घ्या, काळ जवळचा, दोघं १२ राउंडवाले, वजन आदल्या दिवशीचं, त्यामुळे नियमांचं भांडण कमी आणि नुसतं बॉक्सिंग उरतं. हॉपकिन्सची २९ सप्टेंबर २००१ ची त्रिनिदादवाली रात्र, गोलोव्किनची जेकब्सवाली. रॉबिन्सनला मात्र इतक्यात हात लावू नका, तो खरा भरात होता वेल्टरवेटला आणि त्या वर्षांचं फुटेज जवळपास नाहीच, मिडलवेटचं जे दिसतं त्यात तो आधीच तिशीला टेकलेला आहे.